लळिंगहून लंडनला जाणारी वाट

दरवर्षी ३१ जुलैला जळगाव-धुळ्याकडची आपली माणसे लळिंगला जातात. १९३७ साली खटल्याच्या कामासाठी बाबासाहेब धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले, त्याच्या स्मरणार्थ तेथे यात्रा भरते. आपण प्रतिमेला वंदन करतो, मुलांना बंगला दाखवतो. पण तो बॅरिस्टर घडला कोठे, हे सांगायचे मात्र राहून जाते.

तो घडला लंडनला, आणि तेही सुखासुखी नाही. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला गेले. महिन्याला साडेअकरा पौंड मिळत. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. १९१६ मध्ये ते लंडनला पोहोचले, परंतु मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्ध्यावर टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून शिल्लक टाकली, मित्र नवल भथेना यांनी उसने दिले, शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा कोठे १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठता आले. १९२३ मध्ये ते डी.एस्सी. झाले. बुद्धी होतीच, अडले होते ते पैशावाचून.

आज ती वाट एखाद्या राजाच्या मर्जीवर अवलंबून नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी आहे. दरवर्षी ७५ जागा असतात. फी, राहण्याजेवणाचा खर्च, विमानभाडे सरकार भरते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वेगळी आहे. १९९० साली कायदा दुरुस्त होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलती खुल्या झाल्या, हे घरोघरी माहीत असले पाहिजे.

दुसरी अडचणही दूर झाली आहे. इंग्लंडमध्ये एम.ए., एम.एस्सी. बहुधा एका वर्षात होते. आपल्याकडे दोन वर्षे लागतात. म्हणून तिकडची पदवी घेऊन आलेल्याला इकडे नोकरीत आणि पुढच्या प्रवेशात अडचण येई. २१ जुलै २०२२ रोजी भारत आणि ब्रिटनने एकमेकांच्या पदव्या मान्य करण्याचा करार केला आणि एका वर्षाची पदवीही त्यात आली. मात्र वैद्यकी, नर्सिंग, इंजिनिअरिंग, वकिली अशा व्यावसायिक पदव्या या करारात नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट मनाला बोचते. केंद्राच्या शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, समाज या विषयांवरचा अभ्यास वगळण्यात आला. १९१६ साली कोलंबियात बाबासाहेबांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवरच! आपल्या मुलांनी परदेशात जाऊन आपल्याच समाजाचा अभ्यास का करू नये, हा सवाल आपण विचारलाच पाहिजे.

आता कामाचे सांगतो. मूल पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट तयार ठेवा. इंग्रजीची परीक्षा लवकर द्या. तिकडचे वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते, तेव्हा विद्यापीठाकडे अर्ज आदल्या हिवाळ्यातच जायला हवा. विनाअट प्रवेशपत्र हाती नसेल तर शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. अटी बदलत असतात, म्हणून दरवर्षीची जाहिरात समाजकल्याण कार्यालयात स्वतः जाऊन वाचा. ऐकीव गोष्टीवर राहू नका.

भुसावळच्या रेल्वे कामगाराची किंवा धुळ्याच्या हमालाची लेक आपल्या जळगावच्या विद्यापीठातून पदवी घेते, तेव्हा घरात पहिला विचार लग्नाचा होतो. त्याआधी एकदा या शिष्यवृत्तीची चौकशी करा. लळिंगच्या यात्रेत मुलांना बंगला दाखवाल, तेव्हा एवढे जरूर सांगा: येथे उतरलेल्या माणसाला अर्धे शिक्षण टाकून यावे लागले होते आणि ते पुरे करायला तो परत गेला होता.