तुमच्या वायफायवर किती मोबाइल आहेत? एकदा मोजून पाहा

हिंगोली शहरात, वसमत-कळमनुरीत आणि आता मोठ्या गावांतही घरोघरी वायफाय दिसू लागले आहे. एकाच्या घरी कनेक्शन आले की त्याचा पासवर्ड गल्लीभर पोचतो. शेजारी पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा असतो, सुट्टीला आलेले पाहुणे असतात, १४ एप्रिलच्या बैठकीला जमलेले कार्यकर्ते असतात. वायफाय वाटून घेण्यात आम्हाला काहीच गैर वाटत नाही. स्पर्धा परीक्षेचा अर्ज ऑनलाइनच भरावा लागतो आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये रिचार्ज असतोच असे नाही. प्रश्न एवढाच, की तो पासवर्ड आज कुणाकुणाकडे आहे?

हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, ते २००८ साली महाराष्ट्राने पाहिले. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. तपास नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोचला. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाचे वायफाय उघडे होते आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरले होते. त्याचे संगणक तपासले गेले, चौकशीला सामोरे जावे लागले. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याचे एक महाविद्यालय आणि चेंबूरची एक कंपनी यांच्या वायफायवरूनही तसेच ईमेल गेले.

कारण साधे आहे. घरात दहा मोबाइल असोत की वीस, बाहेरच्या जगाला ते सगळे एकाच कनेक्शनवरून आलेले दिसतात, आणि ते कनेक्शन ज्याच्या नावावर त्याचे दार आधी वाजते. महापुरुषांची विटंबना करणारी एखादी पोस्ट उद्या आपल्याच विहाराच्या किंवा अभ्यासिकेच्या वायफायवरून गेली तर? चळवळीतल्या माणसांनी याचा विचार इतरांपेक्षा आधी करायला हवा.

यादी पाहणे अवघड नाही. राउटरच्या पाठीवर किंवा खाली एक स्टिकर असते. त्यावर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड छापलेला असतो. वायफायला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. आत गेल्यावर 'कनेक्टेड डिव्हाइसेस' किंवा 'डीएचसीपी क्लायंट लिस्ट' अशा नावाचे पान सापडेल. लॉगिन होत नसेल तर कनेक्शन जोडून देणाऱ्याला विचारा. घर तुमचे आहे, विचारण्याचा हक्क तुमचा आहे.

यादीत मोबाइलच्या मॉडेलची नावे दिसतील, काही ओळींत नुसता बारा अक्षर-आकड्यांचा मॅक पत्ता असेल. कोणती ओळ कुणाची हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे एकेका मोबाइलचे वायफाय बंद करायचे, पान रिफ्रेश करायचे आणि कोणती ओळ गेली ते पाहायचे. काही राउटर निघून गेलेल्या मोबाइलचे नावही काही तास धरून ठेवतात, म्हणून लगेच घाबरू नका. टीव्ही, सीसीटीव्ही, प्रिंटर यांचीही ओळ असते, तीही मोजा.

अनोळखी मोबाइल सापडला की बहुतेक जण त्याला 'ब्लॉक' करतात. आमच्या मते हा अर्धाच उपाय आहे. आजचे अँड्रॉइड आणि आयफोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक पत्ता न देता बनावट पत्ता देतात आणि तो बदलताही येतो. ब्लॉक केलेला माणूस नवा पत्ता घेऊन परत येईल. शिवाय जोडलेल्या मोबाइलवरून क्यूआर कोड दाखवून पासवर्ड पुढे देता येतो, तुम्हाला कळतही नाही. म्हणून पासवर्डच बदला. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवा आणि डब्ल्यूपीएस बंद करा. मुलांच्या नावापुढे जन्मसाल जोडलेला पासवर्ड नको, गल्लीत तो सगळ्यांना आधीच पाठ असतो.

राउटरच्या आत शिरण्याचा पासवर्ड वेगळा असतो, तो बदलायला लोक विसरतात. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड वापरूनच जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. सीसीटीव्हीचाही मूळ पासवर्ड त्यामुळेच ठेवू नये.

पाहुण्यांना आणि विद्यार्थ्यांना 'गेस्ट नेटवर्क' द्या. ते बहुतेक नव्या राउटरमध्ये असते. त्यावरच्या मोबाइलला इंटरनेट मिळते, पण सेटिंग नीट असेल तर घरातला कॅमेरा किंवा प्रिंटर त्याला दिसत नाही. त्याचा पासवर्ड दर महिन्याला बदलला तरी घरच्या टीव्हीला धक्का लागत नाही. मात्र बाहेरून पाहता गेस्टचे कनेक्शनही तुमच्याच नावावरचे असते, हे लक्षात ठेवा.

त्यामुळे विहाराच्या अभ्यासिकेत कुणा एका कार्यकर्त्याच्या घरचे वायफाय ओढून नेऊ नये. कनेक्शन संस्थेच्या नावावर घ्यावे आणि पासवर्ड घेणाऱ्याचे नाव, तारीख वहीत लिहावी. गर्दी मोठी असेल तर केंद्र सरकारची २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना पाहावी. तिच्यात छोटा दुकानदारही परवाना शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय चालवू शकतो आणि वापरणाऱ्याची ओळख अॅपवर आधीच पटवली जाते.