विश्लेषण : मुंबई उपनगरांच्या शेजारचे ‘पनवेल फ्लेक्झर’ काय आहे? त्याचा धोका किती?

पालघर किंवा कोयनेत धक्का बसला की अंधेरी ते मुलुंडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक दिलासा हमखास फिरतो : ‘मुंबई काळ्या कातळावर उभी आहे, आपल्याला भीती नाही.’ कातळाची गोष्ट खरी आहे. पण हा कातळ पनवेलजवळ वाकलेला आहे, हे फार कमी जणांना माहीत असते.

पनवेल फ्लेक्झर म्हणजे काय?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. अंधेरीची गिल्बर्ट हिल ही त्याच काळाची खूण. नेरळहून माथेरानच्या डोंगराकडे पाहिले तर हे थर फळ्या रचल्यासारखे आडवे दिसतात. मुंबईत मात्र तेच थर पश्चिमेला, समुद्राकडे कललेले आहेत. साधारण १० ते १५ अंशांनी, काही ठिकाणी त्याहून जास्त. आडवे थर जिथे वाकून कलू लागतात, तो उत्तर-दक्षिण पट्टा म्हणजे पनवेल फ्लेक्झर. मुलुंडपासून पनवेल सरळ रेषेत जेमतेम २५ किलोमीटर.

हा पट्टा नुसता वाक आहे की त्याखाली जमीन तुटलेली आहे, म्हणजे प्रस्तरभंग आहे, यावर भूगर्भशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. देसाई आणि बर्ट्रांड यांनी १९९५ मधील शोधनिबंधात प्रस्तरभंगाची बाजू मांडली. गणेशपुरी-वज्रेश्वरी आणि दक्षिणेला पालीजवळच्या उन्हेरेचे गरम पाण्याचे झरेही खोलवरच्या भेगांकडे बोट दाखवतात. तरीही, हा पट्टा आज सक्रिय आहे असे छातीठोक सांगता येत नाही आणि तो कायमचा शांत झाला आहे, असेही नाही.

मुंबईत मोठा भूकंप झाला आहे का?

जुन्या याद्यांत १६१८ चा ‘मुंबईचा भूकंप’ आणि त्यातील दोन हजार मृत्यू हमखास सापडतात. पुढच्या अभ्यासकांच्या मते ते चक्रीवादळ होते. आजूबाजूला मात्र जमीन गप्प बसलेली नाही. १९८३ मध्ये मुंबईला पाणी देणाऱ्या भातसा धरणाच्या परिसरात धक्क्यांची मालिका झाली. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत शेकडो छोटे धक्के बसले.

सर्वात मोठा धडा कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सहा रिश्टरहून मोठ्या भूकंपाने मुंबईही हादरली. त्याआधी हा सगळा भाग जवळजवळ निर्धास्त मानला जात होता; १९७० मध्ये भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशाच बदलावा लागला. भारतीय मानक ब्युरोच्या २००२ आणि २०१६ च्या संहितेत मुंबई क्षेत्र तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या गटात आहे.

उपनगरांना खरा धोका कशाचा?

भूकंपाच्या केंद्रापेक्षा पायाखालच्या मातीचा आणि इमारतीचा. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वरच्या मजल्यांवर भिंती असल्याने ते मजले ताठ राहतात आणि हेलकाव्याचा सगळा ताण खालच्या उघड्या खांबांवर येतो. बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत कोणत्याही गल्लीत अशी स्टिल्ट पार्किंगची इमारत शोधावी लागत नाही.

दुसरा मुद्दा भरावाचा. कातळ खाली असला तरी खाडीकाठी, जुन्या मिठागरांलगत, दलदल बुजवून उठलेल्या वसाहतींखाली आधी मऊ चिखल लागतो. अशी माती हादरे वाढवते आणि पाण्याने भिजलेली वाळू असेल तर ती काही क्षण पातळ होऊ शकते. पाया कातळापर्यंत नेलेल्या टॉवरला आणि त्याच रस्त्यावरच्या उथळ पायाच्या चार मजली चाळीला एकच धक्का सारखा बसणार नाही.

तिसरी गोष्ट घडते फ्लॅटच्या आत. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला, तेव्हा तळमजल्यावरील फेरबदल तपासाच्या केंद्रस्थानी होते. त्या दिवशी जमीन हललीही नव्हती.

रहिवाशांनी काय तपासावे?

मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. पण हे ऑडिट बहुतेक वेळा गळती, गंज, सुटलेले प्लास्टर यांपुरते असते. इमारत आडवा हादरा सोसेल का, याचे गणित वेगळे मांडावे लागते. ते सोसायटीने मागितले तरच होते. खांबातल्या सळ्यांभोवतीच्या रिंगा किती जवळ हव्यात, त्यांची टोके कशी वळवावीत, हे सांगणारी स्वतंत्र संहिता १९९३ मध्ये आली. त्याआधीच्या इमारतीत हे खांब आधी तपासून घ्यावेत, विशेषतः स्टिल्टचे. पुनर्विकासाच्या बैठकीत कार्पेट एरियाबरोबर माती परीक्षणाचा अहवालही मागता येतो.