निवृत्तीनंतर परराज्यात जाताना

माझ्या दवाखान्यात अलीकडे एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. विचारणारे साधारण अठ्ठावन्न ते पासष्ट या वयाचे असतात. रक्तदाब मोजून झाला, गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली, की जाता जाता म्हणतात, "डॉक्टर, निवृत्तीनंतर गोव्याकडे जावं म्हणतो. हवा मानवेल ना?" कोणाचा मुलगा बंगळूरला असतो, कोणाची मुलगी म्हैसूरला. देहूरोडच्या डेपोतून किंवा लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीतून निवृत्त होणारे केरळ, उत्तर प्रदेशातले लोक तीस-पस्तीस वर्षांनी गावी परतायचे म्हणतात. त्यांना तर स्वतःचे गावच आता परके झालेले असते.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपण मावळातल्या लोकांना लांब जावे लागत नाही. गुजरात, मध्य प्रदेश अशा परराज्यांतून उतारवयात लोणावळ्यात राहायला आलेली मंडळी आपल्या शेजारी आहेत. त्यांचे काय झाले हे नीट पाहिले, तर आपण दुसरीकडे जाऊ तेव्हा आपले काय होईल याचा अंदाज येतो.

बडोद्याहून आलेल्या एका जोडप्याची हकिगत सांगतो. गृहस्थांना दम्याचा जुना विकार. ते एका नोव्हेंबरात महिनाभर लोणावळ्यात येऊन राहिले. कोरडी, गार हवा, स्वच्छ ऊन; महिनाभरात एकदाही धाप लागली नाही. परत गेल्यावर तिथले घर विकले आणि तुंगार्लीच्या बाजूला टुमदार बंगला घेतला. पुढे जून उजाडला.

लोणावळ्याचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरच्या वर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, मिठाला पाणी सुटते, पापड सादळतात, कपाटातल्या चपलांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते. ही बुरशी केवळ चपला खराब करत नाही. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत तरंगतात आणि श्वासावाटे दमेकऱ्याच्या श्वासनलिकांत जातात. गाद्या-उशांत राहणारे धुळीतले बारीक किडेही दमट हवेत भराभर वाढतात. दोन्हींमुळे श्वासनलिकांना सूज येते, त्या आकसतात आणि छातीत शिट्ट्या वाजू लागतात. त्या गृहस्थांना पहिल्याच पावसाळ्यात दोनदा रुग्णालयात भरती करावे लागले.

दुसऱ्या खेपेला मध्यरात्र होती. बाईंनी रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन लावला. फोन लागला, पण त्यांना गुजरातीशिवाय दुसरी भाषा धड बोलता येत नव्हती आणि घाबरल्यावर होती तीही हिंदी आठवेना. बंगल्याचे नाव माहीत, गल्लीची खूण सांगता येत नव्हती. शेजारचे तीनही बंगले मुंबईकरांचे, म्हणजे शनिवार-रविवार सोडून कुलूपबंद. शेवटी कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या रखवालदाराने फोन हातात घेऊन पत्ता सांगितला. गृहस्थ वाचले, पण त्यात पाऊण तास गेला.

पुढे त्यांनी तो बंगला भाड्याने दिला आणि तळेगाव दाभाड्यात घर घेतले. तालुका तोच, अंतर अवघे तीसेक किलोमीटर. पण सह्याद्रीच्या धारेपासून पूर्वेला सरकत गेले की कामशेत, वडगाव, तळेगाव असा पाऊस झपाट्याने कमी होत जातो. तळेगावात तो लोणावळ्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यांचा दमा गेला नाही, जाणारही नव्हता; पण पंपावर आटोक्यात राहिला. शेजारी बारमाही माणसेही मिळाली. म्हणून "गोवा चांगला की कर्नाटक?" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. अमुक राज्याची हवा असे काही नसते. हवा गावाची असते, कधी कधी तर डोंगराच्या अलीकडची आणि पलीकडची वेगळी असते.

याच कारणाने माझा पहिला सल्ला असा, की जिथे जायचे तिथल्या सर्वांत वाईट महिन्यात भाड्याने राहून पाहावे. लोक नेमके उलट करतात. गोवा डिसेंबरात पाहतात. तो मे महिन्यात पाहावा. तेव्हा घाम येतो पण हवेतल्या दमटपणामुळे वाळत नाही, आणि शरीर थंड होण्याची वाटच बंद होते. उतारवयात तहानेची जाणीव मुळात कमी झालेली असते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर अंगातले पाणी व क्षार कमी होऊन भोवळ येते. डेहराडून जानेवारीत पाहावे. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि अनेकांचा रक्तदाब चढतो. इथे बसलेली गोळ्यांची मात्रा तिथे बसेलच असे नाही; मात्र ती आपल्या मनाने कमी-जास्त करू नये. बंगळूरची थंड हवा ऐकून दमेकरी तिकडे धावतात. तिथे वाहनांचा धूर आहे आणि गाजरगवताच्या परागकणांची ॲलर्जीही. (हे गाजरगवत भारतात प्रथम आपल्या पुण्यातच, १९५५ च्या सुमारास नजरेस आले, तेव्हा बंगळूरला नावे ठेवण्यात अर्थ नाही.) दोन हजार मीटरच्या वरच्या हिमालयातल्या गावी जायचे असेल, तर हृदयविकार किंवा फुप्फुसाचा जुनाट विकार असलेल्यांनी तपासणी केल्याखेरीज पाऊल उचलू नये. आपले लोणावळे सव्वासहाशे मीटरच्या आसपास आहे. इथल्या अनुभवावरून तिथला अंदाज बांधता येत नाही.

संधिवाताच्या रुग्णांची समजूत असते की कोरड्या गावी गेले की सांधे बरे होतील. हवेने संधिवात होत नाही आणि हवेने जातही नाही. पावसाळ्यात सांधे अधिक आखडतात त्यात फिरणे बंद झाल्याचाही मोठा वाटा असतो. तेव्हा नव्या गावात बारा महिने चालता येईल असा सपाट रस्ता घराजवळ आहे का, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

प्रदेशागणिक आजारही बदलतात. माकडताप हा रोग १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेला. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आढळला. तो गोचिडीसारख्या किड्याच्या चाव्याने होतो. काजूची बाग घेऊन निवांत राहण्याचे स्वप्न असणाऱ्यांनी तेवढी माहिती ठेवावी. घाबरून बेत रद्द करण्याचे कारण नाही.

आता रुग्णालयाविषयी. घर दाखवणारा दलाल "रुग्णालय पाच किलोमीटरवर" असे सांगतो. जुलैतल्या रविवारी भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांत सापडलेल्या माणसाला पाच किलोमीटर म्हणजे काय ते विचारा! म्हणून मिनिटे मोजावीत, तीही गर्दीच्या दिवशी. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. हृदयविकाराच्या झटक्यात बंद झालेली रक्तवाहिनी जितकी लवकर मोकळी होईल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. त्या गावात सीटी स्कॅन कुठे, अँजिओप्लास्टी कुठे, आणि रात्री दोन वाजता ती होते का, हे स्वतः जाऊन विचारावे. त्यात संकोच कसला?

खर्चाची बाजूही तपासावी. आपली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला तिथे पाच वर्षे वास्तव्याची अट आहे. म्हणजे इथले सुटले आणि तिथले मिळाले नाही, अशी मधली वर्षे येऊ शकतात. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान भारतचे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण उत्पन्नाची अट न घालता मिळते आणि योजनेतल्या इतर राज्यांच्या मान्यताप्राप्त रुग्णालयांतही ते चालते. ते कार्ड आधीच काढून ठेवावे.

याहून अवघड गोष्ट नवरा-बायकोने मिळून बोलायची आहे. दोघांपैकी एक जण मागे राहणार. घर निवडतो तो बहुधा नवरा. गाडी तो चालवतो, बँक तो पाहतो, परभाषाही त्यालाच येते. तो गेल्यावर त्या गावात बाईंनी कोणाशी बोलायचे? उतारवयातले नैराश्य रडण्यातून दिसेलच असे नाही. भूक मंदावते, पहाटे तीनला जाग येते, अंग दुखते, आणि तपासण्या निर्दोष येतात. स्मरणशक्ती ढासळू लागलेल्या माणसाला तर ओळखीचे घर हाच आधार असतो. नव्या घरात त्याला रात्री न्हाणीघर सापडत नाही, आणि उशिरा शिकलेली भाषा अनेकदा आधी विसरते. घरात अशी सुरुवात झालेली असेल, तर स्थलांतर टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे.

जाण्याचे पक्के ठरलेच, तर इथले घर पहिले वर्षभर विकू नये. नव्या घराचा पत्ता आणि खूण तिथल्या भाषेत, पण देवनागरी लिपीत लिहून फोनशेजारी चिकटवावी, म्हणजे घाईत नुसती वाचून दाखवता येते. औषधांची यादी करताना कंपनीचे नाव न लिहिता औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. ब्रँड गावोगावी वेगळे मिळतात. आणि जुना ईसीजी फेकू नये. छातीत दुखू लागल्यावर नव्या डॉक्टरला काढलेल्या पट्टीतला बदल आजचा की दहा वर्षांपूर्वीचा, हे त्या जुन्या कागदावरूनच कळते. ईसीजीचा कागद काही वर्षांत पुसट होतो, तेव्हा त्याची छायाप्रत काढून तीही सोबत न्यावी.