स्कूटरच्या डिकीत काय ठेवाल?

आपला भूम तालुका दुधाचा आणि खव्याचा. उन्हाळ्यात ईटहून निघालेले दूध वाटेत अडकले की नासलेच म्हणून समजा. आणि अडकते कशाने? एका खिळ्याने!

1972 साली आलेल्या बजाज चेतकला स्टेपनी असायची. चाक बदलले की गडी निघाला. आजच्या बहुतेक स्कूटरना स्टेपनी नसते. म्हणून डिकीत एक पिशवी हवीच.

आधी आपले टायर कोणते ते बघा. ट्यूबलेस असेल तर भोक साफ करायचा रिमर, पट्टी घालायची सुई, रबरी पट्ट्या आणि हातपंप ठेवा. खिळा दिसला की लगेच उपटू नका. तो रुतलेला आहे तोवर हवा हळू जाते. सामान हाताशी घेऊनच काढा. ट्यूबच्या टायरला या पट्ट्या चालत नाहीत. तिथे जादा ट्यूब आणि चाक खोलायचे पान्हे लागतात.

शिवाय प्लगपान्हा, जादा प्लग, पकड, पेचकस, फ्यूज आणि बॅटरी ठेवा.

स्वच्छ फडके व बँडेजही असू द्या. रक्त वाहत असेल तर फडक्याने घट्ट दाबून धरा आणि 108 ला फोन लावा. ही रुग्णवाहिका राज्यात 2014 पासून आहे. साप चावला तर दोरी आवळू नका, जखम कापू नका; थेट दवाखाना गाठा.

एक पथ्य पाळा. कीटकनाशकाची बाटली आणि भाकरी एका डिकीत कधीच नको.

पट्टी घालणे घरी दारातच शिकून घ्या. रात्री माळावर शिकायची वेळ येऊ नये.