ड्रायव्हरचं सुटलेलं पोट ही सुबत्ता नव्हे!

कांदा चाळीतून निघतो, मार्केट यार्डात लिलाव होतो आणि पट्टी हाती पडली की आपण मोकळे होतो. तोच कांदा पुढे दिल्ली-कोलकात्यापर्यंत नेणाऱ्या ट्रक ड्रायव्हरचा विचार सहसा कोणी करत नाही. खरं तर तो परका नसतो. जमीन तुटपुंजी म्हणून स्टिअरिंग धरलेला तो आपल्याच गावचा पोरगा असतो. चार-पाच वर्षांत त्याचं पोट पुढे येतं आणि पारावर म्हणतात, "गडी सुधारला!" पण ही दुखण्याची सुरुवात असू शकते.

बैठं काम, जड जेवण

शेतात राबणारा दोन भाकरी जास्त खातो, पण त्या कामात जिरवतो. ड्रायव्हर तासन् तास एका जागी बसलेला. दिवसभर चहा-बिस्किटं आणि रात्री उशिरा ढाब्यावर तर्रीची भाजी, लोणी लावलेल्या रोट्या. चहाचाच हिशेब करा. कपाला दोन चमचे साखर धरली तर आठ कपांत ८० ग्रॅम साखर पोटात जाते. दिवसाला ५० ग्रॅमच्या आत राहावं, असं डॉक्टर सांगतात. थंड पेयाची छोटी बाटली घेतली की आणखी सहा चमचे!

तेल-गोड वाईट, हे ड्रायव्हरला कळत नाही असं नाही. पण रात्री अकराला जे उघडं असेल, तेच खावं लागतं.

टेपनं मोजा

पँटच्या नंबरावर जाऊ नका, ती पोटाखाली बांधलेली असते. बेंबीजवळ टेप लावा. पुरुषाचा घेर ९० सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या वर गेला की सावध व्हा. उंची साडेपाच फूट असेल तर वजन ६५ किलोच्या आत हवं. ७० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. अशा माणसाला मधुमेह, रक्तदाब लवकर गाठतो. त्यात जो मोठ्यानं घोरतो त्याची रात्रीची झोप पुरी होत नाही आणि डोळा लागतो तो दिवसा, गाडी चालवताना. मग प्रश्न एकट्याचा राहत नाही.

गावानं काय करावं?

व्यावसायिक लायसन्सचं नूतनीकरण पूर्वी ३ वर्षांनी होई, २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर ते ५ वर्षांनी होतं. तेव्हा डॉक्टरचा दाखला लागतो. मधल्या काळातली तपासणी ज्यानं-त्यानं करायची. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर मोफत तपासतात. पण ड्रायव्हर गावात असतो कधी? सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंनी यात्रेला, दिवाळीला, पोरं घरी येतात तेव्हाच तपासणी ठेवावी. बाजार समितीनं गाडी भरेपर्यंत ताटकळणाऱ्या ड्रायव्हर-क्लीनरसाठी सावली, प्यायचं पाणी आणि साध्या भाजी-भाकरीची सोय करावी.

घरच्यांनीही शिदोरी बांधून द्यावी. दशमी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, फुटाणे, दोन पेरू. पहिला दिवस तरी निभावतो. मधुमेहाची गोळी चालू असेल तर जेवण चुकवू नये, साखर एकदम उतरून चक्कर येते. गाडी थांबली की दहा मिनिटं पायी फिरावं.

गाडीचं ऑईल ठरल्या किलोमीटरला बदलतोच ना आपण? मग गाडी चालवणाऱ्या माणसाकडे वर्षातून एकदा तरी बघायला नको का?