गिझर बिघडला; मिस्त्रीने सांगितलेला खर्च रास्त कसा ओळखावा?

पूर्वी आपल्या धाराशिव जिल्ह्यात आंघोळीचे पाणी चुलीवरच्या हंड्यात नाही तर तांब्याच्या बंबात तापे. बंब गळाला तर कुठे गळतो ते डोळ्यांना दिसे, डाग दिला की काम भागे. आता उमरगा, तुळजापूर, कळंबच्या साध्या घरांतही गिझर आला, गच्चीवर सौर बंब आला. सोय झाली, पण आत काय बिघडले ते आपल्याला दिसत नाही. मिस्त्री म्हणतो, "टाकी गेली, नवाच घ्या." हातावर पोट असलेल्या घराने हे ऐकून लगेच पैसे काढावेत काय? आम्हांला वाटते, आधी चार गोष्टी समजून घ्याव्यात.

खरा चोर पाणी

आपला भाग काळ्या पाषाणाचा आणि दुष्काळाचा. बऱ्याच घरांत बोअरचेच पाणी वापरतात आणि ते जड असते. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, ही त्याची ओळख. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतो. असे पाणी तापले की क्षारांचा पांढरा थर कॉइलवर बसतो. कॉइलची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही आणि शेवटी कॉइल जळते. म्हणून कॉइल बदलताना मिस्त्रीने टाकीतला गाळ काढला का आणि मॅग्नेशियमचा रॉड झिजला आहे का, हे विचारावे. हा रॉड स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. तो वेळेवर बदलला तर टाकीचे आयुष्य वाढते.

लक्षण पाहा, मग सल्ला तोला

25 लिटरचा, 2000 वॅटचा गिझर साधे पाणी चांगले कढत करायला सुमारे अर्धा तास आणि एक युनिट वीज घेतो. त्याहून फार वेळ लागू लागला, आतून कडकड आवाज येऊ लागला, तर बहुधा थर साचला आहे. तेथे सफाई पुरते.

दिवा लागतो पण पाणी थंडच, तर संशय कॉइलवर. दिवाच लागत नाही, तर आधी वीजपुरवठा, मग थर्मोस्टॅट आणि कटआउट तपासायला हवेत. हे सुटे भाग नव्या गिझरच्या मानाने स्वस्त असतात. गिझर लावताच मेन स्विच पडत असेल तर कॉइलमधून वीज टाकीत उतरत असण्याची शक्यता आहे. असा गिझर दुरुस्त होईपर्यंत मुळीच लावू नये. कॉइल गेली असे मिस्त्री म्हणाला, तर मीटर लावून दाखवायला सांगावे. 2000 वॅटची चांगली कॉइल साधारण 26 ओहम दाखवते; तुटलेली कॉइल काहीच दाखवत नाही. मात्र झाकण स्वतः उघडू नये.

पाणी कुठून गळते तेही पाहावे. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडणे स्वाभाविक आहे. तो व्हॉल्व्ह बुजवून टाका असे कोणी सांगितले तर ऐकू नये. दाब वाढून टाकी फुटू शकते. जोडावरची गळती वॉशरने थांबते. टाकीच आतून सडली असेल, तर मात्र नवा घ्या हा सल्ला खरा.

सौर बंबाची काचेची नळी फुटली तर तेवढीच बदलता येते. नळीच्या टोकाचा चंदेरी रंग जाऊन पांढरा झाला, तर तिच्यातील निर्वात जागा गेली असे समजावे. एका नळीसाठी सगळा संच बदलायची गरज नाही.

पैशाचा हिशेब

काम सुरू होण्याआधी तीन आकडे वेगवेगळे विचारावेत: येण्याचे किती, मजुरी किती, सामानाचे किती. सामानाच्या पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीहून जास्त घेता येत नाही. काढलेला जुना भाग मागून घ्यावा. पक्के बिल घ्यावे. ज्याची जीएसटी नोंदणी नाही, त्याला जीएसटी आकारता येत नाही. मोठा खर्च असेल तर दुसऱ्या मिस्त्रीलाही दाखवावे. गिझर वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या केंद्राला कळवावे.

फसवणूक झालीच तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्या बाजूने आहे. 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. त्यासाठी बिल जपून ठेवावे.

आणखी एक सांगणे आहे. दहा मिनिटांत काम झाले म्हणून मजुरी कापू नये. त्या दहा मिनिटांमागे कित्येक वर्षांचे शिकणे असते, आणि आपल्याच वस्तीतली आयटीआय झालेली मुले हे काम करतात. प्रामाणिक कारागिराला त्याच्या कष्टाचे पुरते दाम द्यावे, खोट्या सामानाला एक पैसाही देऊ नये. प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. चांगला मिस्त्री विचारलेले आनंदाने समजावून सांगतो. जो विचारताच चिडतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.