अंधुक दृष्टीची मुले

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, सपाटीवरच्या कपाशीच्या शिवारांपासून अंबाबरवा अभयारण्यालगतच्या आदिवासी वस्त्यांपर्यंत, पूर्ण अंध मूल घरच्यांच्या लवकर लक्षात येते. ज्याला अंधुक दिसते ते मात्र वर्षानुवर्षे निसटून जाऊ शकते, कारण जग पहिल्यापासून तसेच पाहिल्यामुळे तक्रार करावी असे त्याला काही वाटतच नाही. फळ्यावरचे उतरवता न आल्याने वही अपुरी राहते, चेंडू दिसत नसल्याने खेळगडी त्याला टाळतात आणि शाळा त्याला ‘ढ’ ठरवून मोकळी होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी, पण ३/६० पर्यंत असल्यास ती अल्पदृष्टी होय. ६/१८ म्हणजे निकोप डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारे अक्षर वाचण्यासाठी ६ मीटरपर्यंत जवळ जावे लागणे. परंतु जीवनगुणवत्ता, म्हणजे शिकणे, खेळणे, एकट्याने वावरणे आणि चारचौघांत मिसळणे यांतून मिळणारे समाधान, या अपूर्णांकात मावत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रश्नावली म्हणूनच मुलांना त्यांच्या रोजच्या कामांत किती अडचण येते हे विचारते. एसटीची पाटी वाचता न येणाऱ्या मुलीला शेगाव-खामगावला एकटी पाठवायला घर धजावत नाही, आणि तिच्या शिक्षणाची मर्यादा तिथेच ठरते.

सर्वांत चटका लावणारी हानी टाळता येण्याजोगी असते. एका डोळ्याचा नंबर बराच जास्त असला किंवा तिरळेपणा असला की मेंदू त्या डोळ्याची प्रतिमा दुर्लक्षित करू लागतो. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. साधारण सात-आठ वर्षांच्या आत चष्मा देऊन आणि चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकून दुसऱ्याला कामाला लावल्यास दृष्टी बरीच सुधारते; पुढे हा उपाय दुबळा पडत जातो. मूल चांगल्या डोळ्यावर निभावून नेत असल्याने एकेक डोळा झाकून पाहिल्याखेरीज हा दोष सहसा उघडकीस येत नाही. शिवाय एकच डोळा पूर्ण निकामी असल्यास दिव्यांगत्व ३० टक्के धरले जाते, तर बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात, ही तफावत कागदावर तर्कशुद्ध असली तरी पालकांना पटणे अवघडच.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा आणि शाळकरी मुलांना एकदा तपासावे अशी रचना आहे. मजुरीसाठी कुटुंबाबरोबर परगावी गेलेले मूल त्या दिवशी शाळेत नसेल, तर पुढची संधी वर्षभराने येते, आणि आळशी डोळ्याच्या उपचारात एक वर्ष ही लहान मुदत नव्हे. रातांधळेपणा आणणाऱ्या ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावावर नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत डोस दिले जातात, मात्र चष्म्याचा नंबर त्याने टळत नाही.